एक 'का' कमी

पेंटरचा मला हेवा वाटायचा हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल जे वाकडं बोलेन ते तुम्हाला चाळून घेता येईल. हा हेवा साधासुधा नव्हता. त्याचं कौतुक कानावर पडलं की त्या दिवशी आमच्या घरात भांडी आपटली जायची. बायको आतूनच विचारायची, "आज कुठली भिंत रंगवली म्हणे पेंटरने?"

मी मुद्रितशोधक. एकतीस वर्षं छापखान्याच्या खिडकीपाशी बसून दुसऱ्यांच्या चुका काढतो आहे. पक्षात मला सगळे 'मास्तर' म्हणतात. शिकवलं मी कुणालाच नाही, पण समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य मध्येच थांबवून दुरुस्त करायची मला खोड आहे. आमचा पक्ष म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीस खुर्च्या, एक कपाट आणि शिडी ही निशाणी. पक्षाची पत्रकं, घोषणा, फलकांवरचा मजकूर, सगळं माझं. भिंतीवर उतरवायचा तो पेंटर.

उंच, वाळका, कायम एका खांद्याने वाकलेला माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नखांत दोन-तीन रंग नेहमी असायचे, त्यावरून आज काय काम चाललंय ते ओळखता यायचं. शाळा चौथीपर्यंत. अक्षर मात्र असं की मोडक्या संडासाच्या दारावर 'बंद आहे' लिहिलं तरी माणसं थांबून बघत. भिंतीवर काहीही लिहिण्याआधी तो ते मोठ्याने म्हणायचा, दोनदा, तीनदा, चाल लावल्यासारखं. "आधी कानाला पटलं पाहिजे मास्तर, मग हात चालतो." ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं वैर नव्हतं, ओळखच नव्हती. म्हणून आमची एक रीत ठरून गेली होती. तो मजकूर कागदावर काढून छापखान्यात आणायचा, "मास्तर, बघून द्या" म्हणायचा, मी लाल पेन्सिलीने दुरुस्त करून कोपऱ्यात 'ठीक' लिहायचो, आणि तो कागद शर्टाच्या खिशात घालून तो शिडीवर चढायचा. बावीस वर्षांत 'ठीक' पडल्याशिवाय त्याने ब्रश बुडवला नाही.

आता माझं दुखणं कुठलं ते ऐका. आपल्या भाषेत लिहितो तोही लिहितो आणि रंगवतो तोही लिहितो. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना मला दोन शब्द सुचले: 'आपला माणूस'. उमेदवाराच्या नावाखाली एवढंच. ब्लेड गालाला लागलं, रक्त आलं, पण शब्द मिळाले. आठवड्याभरात ते सगळ्या भिंतींवर गेले आणि जो तो म्हणायला लागला, "पेंटरने काय लिहिलंय हो! आपला माणूस! वा!" माझ्यासमोर म्हणायचे. मी म्हणायचो, "हो, छान लिहिलंय." आणि घरी येऊन भांडी आपटायचो. तेव्हापासून पक्षाची प्रत्येक निवडणूक या दोन शब्दांवर झाली. ते दिसले की लोकांना शिडी आठवायची आणि शिडी दिसली की पेंटर. मी कुणालाच आठवायचो नाही.

एवढंही मी गिळलं असतं. पण त्याने माझी ताईसुद्धा घेतली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. दवाखान्यात नर्स होती. आमच्या वॉर्डातल्या निम्म्या लोकांच्या दंडावर तिच्या सुईची खूण असेल. पेंटर एकदा शिडीवरून पडून पाय मोडून घेऊन आला, तेव्हा सव्वा महिना तिनेच त्याची देखभाल केली. पाय बरा झाला, पण माणूस काही घराबाहेर गेला नाही. रविवारी सकाळी मी ताईकडे जावं तर हा आधीच ओट्याशी उभा, चहा गाळतोय. "हा माझा दुसरा भाऊ," ती लोकांना सांगायची. माझा चहा नेहमी दुसऱ्या घाण्याचा असायचा. कुणाला हे हसण्यासारखं वाटेल. मला वाटायचं नाही.

या वर्षी पक्षाने ताईला उभं केलं. समोर कंत्राटदार, दोनदा निवडून आलेला. रस्ते त्याच्याच माणसांनी केलेले आणि त्याच्याच माणसांनी उखडलेले. सभागृहात तो झोपायचा हे सगळ्या गावाला माहीत होतं. लढत अटीतटीची होती. ताईची नोकरी संपलेली, पोरंबाळं नाहीत. तिने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मिळाली तर दवाखान्याची गळकी इमारत बांधून घ्यायची हे तिने ठरवून ठेवलं होतं.

प्रचाराची बैठक भरली आणि पक्षाचे सरळ दोन तुकडे झाले.

"चांगुलपणा खूप झाला," चिटणीस म्हणाला. टायरच्या दुकानाचा मालक, बोलताना मांडीवर थापा मारायची सवय. "आपण गुण गातो आणि ते निवडून येतात. या वेळी त्याची लक्तरं वेशीवर टांगा. लोकांना भांडण आवडतं."

अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. ते हळूच म्हणाले, "दुसऱ्याची रेघ पुसून आपली मोठी होत नाही बाबा."

"रेघ राहू दे अध्यक्ष, इथे पाटीच गेलीय आपली!"

मग जो तो बोलायला लागला. कुणी म्हणे निंदा केली तर लोक उलटतील, कुणी म्हणे खरं सांगणं म्हणजे निंदा कशी. दोन जण तर मागच्या निवडणुकीतलं जुनं भांडण काढून बसले. शेवटी ताई म्हणाली, "तो झोपतो हे खरं आहे. पण त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं मी केलीत. त्याचं तोंड भिंतीवर काढून मी मत मागायचं, हे मला नाही जमत."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या दिवशी माझ्या खिशात कंत्राटदारावर लिहिलेल्या चार ओळी होत्या. चांगल्या झोंबणाऱ्या. चिटणीसाची बाजू जड झाली की वाचून दाखवायच्या असा माझा बेत होता. घसा खाकरून मी उठणार, तेवढ्यात चिटणीस म्हणाला, "पेंटर, तू काढ रे काहीतरी!"

पेंटरने वर्तमानपत्राची पुरवणी ओढली आणि कोऱ्या जागेत पेन्सिल फिरवली. दोन मिनिटं लागली असतील. खुर्चीत झोपलेला कंत्राटदार, हनुवटी छातीला टेकलेली, चप्पल पायातून निसटलेली. कागद वर धरून त्याने मान तिरकी केली आणि अगदी भाबड्या सुरात विचारलं, "हाच... आपला माणूस?"

खोली कोसळली हो हसून. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. ताईने पदर तोंडाला लावला. माझे शब्द, बावीस वर्षांचे, रक्त काढून सुचलेले, याने वर एक सूर लावला आणि खिशात घातले!

माझ्या चार ओळी खिशातच राहिल्या आणि मी उभा राहिलो. काय बोललो म्हणता! प्रतिस्पर्ध्याची टवाळी ही आपली परंपरा नव्हे, मत मागायचं ते आपल्या कामावर, चिखलफेकीत फेकणाऱ्याचे हात आधी बरबटतात. सगळं खरं होतं, आणि त्यातला एक शब्दही माझ्या मनातला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तो मी तत्त्वाच्या ताटात वाढत होतो. अध्यक्ष पुन्हा डोळे पुसायला लागले, या वेळी दुसऱ्या कारणाने.

हात वर झाले. अकरा विरुद्ध नऊ. झोपलेला कंत्राटदार मंजूर. ताईचा हात आमच्या नऊंत होता, ती म्हणाली, "पक्षाचं ठरलं ना, मग ठरलं." जिना उतरताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "छान बोललास रे. माझ्या मनातलं बोललास." मी दोन पायऱ्या तरंगत उतरलो. तिसऱ्या पायरीवर ती मागे वळून पेंटरला म्हणाली, "पण चित्र मात्र झकास हं तुझं!"

चार दिवसांनी दुपारी पेंटर छापखान्यात आला. बगलेत मोठी गुंडाळी. आता भिंती रंगवायच्या नव्हत्या. त्याच्या चित्रावरून चाळीस फलक छापून चौकाचौकात लागायचे होते. त्याने टेबलावर चित्र पसरलं, कोपऱ्यांवर माझी दौत, माझा डबा आणि दोन कोश ठेवले, मजकुराचा लहान कागद नेहमीसारखा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मास्तर, बघून द्या."

मी बघितलं. दोन गोष्टी मला त्याच क्षणी दिसल्या.

पहिली ही की कंत्राटदार सुंदर दिसत होता. पेन्सिलीत जो विनोद होता तो रंगांत विरघळून गेला होता. पेंटरच्या हाताला कुणाला कुरूप करणं ठाऊकच नव्हतं. दिवसभर लोकांसाठी राबून दमलेला एखादा भला माणूस डोळे मिटून बसलाय असं वाटत होतं. चप्पल निसटलेला पाय बघून तर त्यावर पांघरूण घालावंसं वाटलं.

दुसरी गोष्ट अक्षरांत होती. वर, चार बोटं उंचीच्या देखण्या अक्षरांत, लिहिलं होतं: हाच आपला माणूस. खाली आमची शिडी.

"प्रश्नचिन्ह?" मी विचारलं.

"आहे की! हे काय." त्याने बोट ठेवलं. खुर्चीचा पुढचा पाय खाली वळून गोल झाला होता आणि त्याच्या टोकाखाली एक ठिपका होता. "वेगळं काढलं तर माशी बसल्यासारखं दिसत होतं मास्तर. म्हणून पायातच मुरवलं."

"बरं," मी म्हणालो.

पेन्सिल लहान कागदावर 'हाच' आणि 'आपला' यांच्या मधल्या जागेत टेकली. तिथे एक 'का' हवा होता. 'हाच का आपला माणूस'. मग चिन्ह खुर्चीत मुरो नाहीतर जमिनीत. बैठकीत सगळ्यांनी हे ऐकलं होतं, सुरासकट. त्यांना फलकावर वाचतानाही तो सूर ऐकू येणारच होता. पण रस्त्याने जाणाऱ्याला कोण सूर लावून दाखवणार? तो शिडी बघणार, बावीस वर्षांचे ओळखीचे दोन शब्द बघणार, आणि वर हे एवढं मोठं गोड तोंड बघणार. एका अक्षराचं काम होतं. असल्या चुकांवरच तर माझं पोट चालतं.

आणि मला वाटलं, पडू दे. एकदा तरी लोकांना कळू दे की नुसतं अक्षर सुंदर असून भागत नाही. एकदा तरी कुणीतरी म्हणू दे, "पेंटरने काय लिहिलंय हे!" दोन दिवसांत बोंब होईल, मला बोलावतील, मी जाईन, 'का' लावून देईन, आणि ताई बघेल कोण कुणाला सावरतंय ते. ताई हरावी असं माझ्या मनात आलं नाही. एवढं तरी माझं ऐका. पेंटर हरावा एवढंच होतं.

मी लहान कागदाच्या कोपऱ्यात 'ठीक' लिहिलं आणि तो कागद त्याच्या शर्टाच्या खिशात गेला.

बोंब झालीच नाही. फलक लागले, आमचे लोक त्यांच्यासमोर उभे राहून मनात सूर लावून वाचायचे आणि खदखदून हसायचे. चिटणीस मांड्या बडवत फिरत होता. मी रोज सकाळी उठून वाट बघायचो की आज कुणीतरी विचारेल. पाचव्या दिवशी विचारलं ते माझ्या बायकोने, बाजारातून आल्या आल्या. "अहो, कंत्राटदार तुमच्या पक्षात आला की काय? भाजीवाली विचारत होती."

"काहीतरीच काय," मी म्हणालो.

"मग ते चौकात लिहिलंय ते?"

"ते विनोदाने आहे."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुम्ही तपासलं होतं ना?"

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. अजून आठवडा होता. चाळीस 'का' हाताने लिहून चिकटवायला एक दुपार पुरली असती. पण आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. मी मूग गिळून बसलो. रोज बसलो, सात दिवस.

ताई एकसष्ट मतांनी पडली.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी लोक येत-जात होते. शेजारची म्हातारी, जिच्या पायाची जखम ताई अजून रोज बांधते, ती येऊन तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. मी तुमच्याच माणसाला मत दिलं. तो झोपलेला. शिडीवाल्यांनीच लिहिलं होतं ना, हाच आपला माणूस? मला वाटलं, तू माघार घेतलीस."

ओट्याशी पेंटर चहा गाळत होता, त्याची गाळणी तशीच हातात राहिली. ताईने म्हातारीच्या पायाची पट्टी सोडवायला घेतली, कारण तिची वेळ झाली होती. पट्टीची गाठ तिला तीनदा सापडली नाही. तिचे हात असे चुकताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले.

संध्याकाळी पक्षाची बैठक. दोन्ही गट एकमेकांच्या उरावर बसले. "मी सांगत होतो!" एक बाजू. "कल्पना बरोबर होती, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," दुसरी बाजू. मग चिटणीसाने टेबलावर हात आपटला. "कल्पनेचं राहू द्या. प्रश्न साधा आहे. हे तपासलं कुणी?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पेंटर दाराशी उभा होता. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. त्या खिशात काय आहे ते मला माहीत होतं, माझ्याच हातचं, लाल अक्षरात. हात खिशावर क्षणभर थांबला आणि रिकामाच खाली आला.

"मास्तरांना दाखवलंच नाही मी," पेंटर म्हणाला. "घाई होती. म्हटलं, तीन तर शब्द आहेत."

"बावीस वर्षं दाखवलंस आणि याच वेळी नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"चुकलो."

चिटणीस जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. पुन्हा पक्षाच्या कामाला हात लावायचा नाही, एवढा त्याचा सारांश. पण पेंटर त्याच्याकडे बघतच नव्हता. तो ताईकडे बघत होता. ताई उठली, पायात चपला घातल्या आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "हा इथे बसलाय, डोळ्यांत तेल घालून बसतो बिचारा आयुष्यभर. याला एक कागद दाखवायला तुला जड झालं? माझ्या दाराशी येऊ नकोस पुन्हा."

बिचारा म्हणजे मी. मी खाली बघत होतो. तेवढ्यातही, खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी गार वाटलं.

तीन दिवस मी थांबलो. चौथ्या दिवशी शोधत गेलो तर तो बाजाराच्या टोकाला एका चष्म्याच्या दुकानाची पाटी लिहीत होता. मला बघून शिडीवरून उतरला, ब्रश पुसला.

"कागद कुठाय?" मी विचारलं. आधी हेच विचारलं. बघा माझी लायकी.

"जाळला."

"का?"

तो हसला. "हाच 'का' हवा होता ना तेव्हा? तुमची पेन्सिल त्या जागेवर टेकली होती मास्तर. मी बघत होतो. मला वाटलं, आता लिहितील काहीतरी. नाही लिहिलंत, तर म्हटलं बरोबरच असणार. मास्तरांनी 'ठीक' लिहिलंय."

"मग बैठकीत कळलं तुला?"

"म्हातारी बोलली तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलो. दुकानदार बाहेर येऊन बघून गेला.

पेंटरने डबा उचलून रंग ढवळला. "ताईंचं एवढं गेलं एका दिवसात. त्यात भाऊ पण गेला असता. त्यांना दोन होते, एक तर राहायला हवा. आणि राहायचाच तर सख्खा राहिलेला बरा." मग पाटीकडे बघून म्हणाला, "आलाच आहात तर हे बघून द्या. 'दृष्टी'तला टी पहिला की दुसरा?"

"दुसरा," मी म्हणालो.

मी त्याचे पाय धरायला हवे होते. निदान हात धरायला हवा होता. पण मला काय वाटलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्याला काही अर्थ नाही. मला राग आला. चांगुलपणातही हाच पुढे! माझ्या भाषणातलं सगळं, तो चिखल आणि ते हात, हा चौथी शिकलेला माणूस एक शब्द न बोलता करून बसला होता आणि वर कुणाला कळूही देणार नव्हता. घरी येताना रस्ताभर मी जळत होतो.

त्याला आता पाच महिने झाले. रविवारी मी ताईकडे जातो. ओट्याशी कुणी नसतं. पहिल्या घाण्याचा चहा मला मिळतो, आणि ती कधीकधी म्हणते, "एकच भाऊ आहे मला, पण सोन्यासारखा." मला हवं होतं ते सगळं मिळालं आहे. ती हे म्हणते तेव्हा माझ्या हातातला कप बशीवर वाजतो, आणि ती विचारते, "साखर कमी झाली का रे?"

हे कागद मी उद्या तिला देणार आहे. वाचून झाले की तिने पेंटरला बोलावून घ्यावं. मला पुन्हा नाही बोलावलं तरी चालेल. नाही, चालणार नाही. तरी देणार आहे.